दुखरा गुडघा आणि थांबलेली पावले

(सटाणा येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरात नित्य दर्शनाला येणाऱ्या वयस्क मंडळींच्या चालीकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले, तर त्याला एक गोष्ट हळूहळू उलगडत जाईल. वर्षानुवर्षे रोज पायी येणारी एखादी माउली पुढे केवळ एकादशीला दिसू लागते. मग मुलाच्या मोटारसायकलवर बसून येते. त्यानंतर वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवसांत तेवढी येते. आणि एका वर्षी महाराजांचा रथ निघतो, तेव्हा ती घराच्या दारात खुर्ची टाकून बसलेली असते आणि तेथूनच हात जोडते. शेजारीपाजारी विचारतात, तेव्हा घरचे सांगतात, "गुडघे गेले हो आईचे. बाकी काही नाही."

हे "बाकी काही नाही" खरे आहे काय, हाच आजचा विषय आहे. कारण त्याच घरात दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांच्या कागदावर रक्तातील साखर वाढलेली आढळते, रक्तदाबाची गोळी सुरू होते, कमरेचा घेर वाढलेला असतो. गुडघा आणि साखर ही दोन वेगळी दुखणी आहेत, असे समजून दोन वेगळ्या डॉक्टरांकडे दोन वेगळ्या फायली तयार होतात. वस्तुतः या दोन फायलींच्या मध्ये जो दुवा आहे, तो म्हणजे थांबलेली पावले.

गुडघ्याने माणूस मरत नाही, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील गुडघ्याच्या व खुब्याच्या झिजेचा संधिवात असलेल्या ११६३ रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र वेगळे सांगतो. या रुग्णांमधील मृत्युप्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळजवळ दीडपट आढळले. ज्यांना चालणे अधिक अवघड झाले होते, त्यांच्यात धोका अधिक होता. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात पंचावन्न वर्षांवरील १६,३६२ व्यक्तींची सुमारे तेरा वर्षे नोंद ठेवण्यात आली. दोन्ही गुडघ्यांचा संधिवात असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता अधिक आढळली आणि त्या वाढीव धोक्यातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा चालण्याच्या अडचणीचा असल्याचे २०१८ मध्ये मांडले गेले. वय, वजन या गोष्टी हिशेबात धरल्यानंतरचे हे निष्कर्ष आहेत.

आता हे घडते कसे? बागलाणच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगणे अवघड नाही. कांद्याची चाळ डोळ्यांसमोर आणावी. चाळीतला माल वेळेवर बाहेर पडत राहिला, तर नव्या मालाला जागा होते. चाळ भरलेली आणि बाजारात काहीच जात नाही, अशी स्थिती झाली, तर नवा कांदा खळ्यावर पडून राहतो आणि सडू लागतो. शरीरात साखरेची सर्वांत मोठी चाळ म्हणजे स्नायू, आणि त्यांतही मांड्या व नितंब यांचे मोठे स्नायू. जेवणानंतर रक्तात आलेली साखर प्रामुख्याने तेथे साठवली जाते. इन्शुलिन हे त्या चाळीचे दार उघडणारे संप्रेरक होय. मांडीचे स्नायू दिवसभर हललेच नाहीत, तर साठा तसाच राहतो, दार जड होत जाते आणि साखर रक्तात रेंगाळते. विशेष म्हणजे स्नायू आकुंचन पावत असताना इन्शुलिनच्या मदतीविनाही साखर आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली ही केवळ जुन्या वळणाची सवय नाही. साखर रक्तात शिरत असते, नेमके त्याच वेळी ते दुसरे दार उघडले जाते.

गुडघा दुखू लागला की पहिला बळी जातो तो याच मांडीच्या पुढच्या स्नायूचा. दुखते म्हणून पाय वापरला जात नाही, वापरला नाही म्हणून स्नायू रोडावतो, स्नायू रोडावला म्हणून गुडघ्याला आधार राहत नाही आणि गुडघा अधिक दुखतो. ज्या स्नायूने गुडघा सांभाळायचा आणि साखरही सांभाळायची, तोच असा निकामी होत जातो.

महाराष्ट्राच्या संदर्भात येथे दोन संशोधनांचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा जणांना, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते आणि शंभरात सुमारे सहा जणांना झिजेचा संधिवात होता. संधिवात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, खेड्यातल्या कष्टकऱ्याला तो होत नाही, ही गोड समजूत त्या पाहणीने मोडली.

दुसरे संशोधन पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे यावरून सहज ध्यानात येते. "आमची आई कुठे जाड आहे? तिला कशाला साखर होईल?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी वजनकाट्याऐवजी मोजपट्टी घ्यावी. भारतीयांच्या बाबतीत पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की सावध व्हावे असा संकेत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडेही बोलके आहेत. ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर, आणि ३९.५ टक्के लोकांच्या पोटावर अनारोग्यकारक चरबी.

पोटावरची ही चरबी म्हणजे नुसते ओझे नव्हे. ती अनेक रसायने रक्तात सोडत असते आणि त्यांतील काही सर्व शरीरात मंद दाह धुमसत ठेवतात. स्थूल व्यक्तींमध्ये हाताच्या बोटांच्या सांध्यांचा झिजेचा विकारही अधिक आढळतो. बोटांवर तर कोणी चालत नाही! तेव्हा गुडघ्याचे दुखणे हा केवळ भाराचा हिशेब नाही, त्यात चयापचयाचाही हात आहे. म्हणजे दुखरा गुडघा साखर वाढवतो आणि बिघडलेले चयापचय गुडघा बिघडवते.

गुडघा म्हणजे टायर नव्हे

"झीज" हा शब्द आपल्या मनात फार खोल रुतून बसला आहे. टायर जितका फिरेल तितका झिजेल, तेव्हा उरलेला गुडघा जपून वापरावा, असा विचार माणूस करतो आणि घरचेही त्याला दुजोरा देतात. परंतु टायर निर्जीव आहे, गुडघा सजीव आहे. हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणातून होते, आणि ते वंगण आत शिरते ते दाब पडल्याने व सुटल्याने, स्पंज पिळावा आणि सोडावा तसे. पाऊल टाकले जाते तेव्हा कूर्चा दाबली जाते, उचलले जाते तेव्हा ती पोषण शोषून घेते. न हलणारा गुडघा म्हणजे उपाशी गुडघा. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष होणारी वेदना यांचाही मेळ पुष्कळदा बसत नाही. चित्र वाईट असूनही गड चढणारे आहेत आणि चित्र बरे असूनही खाटेला खिळलेले आहेत.

मग व्यायामाने नेमका किती फायदा होतो? येथे अतिशयोक्ती टाळणे बरे. अमेरिकेत १९९७ मध्ये साठ वर्षांवरील ४३९ गुडघेदुखीग्रस्तांवर अठरा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. चालणारा एक गट, वजनांचे व्यायाम करणारा दुसरा आणि केवळ माहिती दिलेला तिसरा. पहिल्या दोन्ही गटांत वेदना व अडचण कमी झाली, पण माफक प्रमाणात. त्यानंतर झालेल्या शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावाही हेच सांगतो, की वेदनेतील उतार लहान आहे. महिनाभरात गुडघा नवा करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपुढे हे फारच फिके वाटेल. पण आजवर आपण पाहिले त्याचे मर्म येथेच आहे. वेदना थोडीच कमी झाली तरी चालणारा माणूस चालता राहतो, आणि त्याचे हृदय, साखर, रक्तदाब, झोप यांना मिळणारा लाभ त्या थोड्या वेदनाशमनाहून कितीतरी मोठा असतो. व्यायामाने गुडघा बिघडेल या भीतीलाही या प्रयोगांत आधार मिळालेला नाही.

किती चालावे याचाही अंदाज उपलब्ध आहे. दहा हजार पावलांचा आकडा ऐकूनच अनेकांची छाती दडपते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या किंवा तो होण्याचा धोका असलेल्या सुमारे अठराशे जणांच्या २०१४ च्या अभ्यासात दिवसाला सहा हजार पावले हा टप्पा पुढील दोन वर्षांत पांगळेपण येणार की नाही हे ओळखण्यास पुरेसा ठरला. त्यांत घरात वावरतानाची, अंगणातली, दुकानापर्यंतची सर्व पावले आली. आज जो हजार पावले चालतो, त्याने दीड हजारांवर जाणे हीच त्याची पहिली पायरी होय.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णाला दूरवर पायी चालण्याचा, विहीर खोदण्यासारखे कष्ट करण्याचा उपाय सांगितलेला आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच परंपरेत व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच करावा, असाही दंडक आहे. कपाळावर घाम आला, तोंड कोरडे पडू लागले की थांबावे. पहिली गोष्ट अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात, दुसरी आचरणात आणणारे थोडे. गुडघ्याच्या रुग्णाला मात्र दोन्ही एकत्रच घ्याव्या लागतात.

कष्ट आणि व्यायाम

येथे शेतकरी कुटुंबातील भगिनींचा एक रास्त आक्षेप येतो. "दिवसभर कांदा लावतो, निंदतो, काढतो. आणखी व्यायाम तो कसला?" उकिडवे बसून तासन्‌तास केलेल्या कामात गुडघा पूर्ण दुमडलेला, एकाच स्थितीत राहतो. त्यावर भार फार पडतो, पण मांडीच्या स्नायूला पूर्ण ताणून आकुंचन करण्याची संधी मिळत नाही, आणि श्वासही फारसा वाढत नाही. हे कष्ट आहेतच, पण गुडघ्याला हवा तो व्यायाम नव्हे. अशा भगिनींनी अधिक श्रम करावेत असे नव्हे, तर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, सरीच्या टोकापर्यंत चालून यावे, शक्य तेथे बुटक्या पाटावर बसून काम करावे. आणि ज्यांच्या घरी आता मजूर आहेत, ट्रॅक्टर आहे, अंगणात दोन मोटारसायकली उभ्या आहेत, त्यांच्या अंगचे कष्ट सुटले पण त्या जागी दुसरे काही आले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या पाहणीत ५४.४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले. हौसेने व्यायाम करणारे शंभरात दहादेखील नव्हते.

याहून नाजूक प्रश्न घरच्यांच्या प्रेमाचा आहे. मुलगा चांगला कमावू लागला की आईला म्हणतो, "आता तू फक्त बसून राहा." सून पाण्याचा तांब्यादेखील हातात आणून देते. यात माया आहे, कर्तव्यबुद्धी आहे, आणि समाजात "आईकडून काम करून घेतात" असे ऐकावे लागू नये, ही भीतीही आहे. पण दिवसातून वीस वेळा उठणारी बाई जेव्हा चार वेळाच उठू लागते, तेव्हा तिच्या मांड्यांतील बळ पाझरून जाते. तिला देवपूजेची फुले तोडू द्यावीत, वाळवण घालू द्यावे, नातवाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊ द्यावे. काढून घ्यायचे असेल तर तिच्या हातून जड बादली आणि उकिडवे बसून धुणे काढून घ्यावे.

शाखेत वर्षानुवर्षे मांडी घालून बसलेल्या, आजही खुर्ची नाकारणाऱ्या ज्येष्ठांनाही हे लागू आहे. गुडघा दुखत असताना वज्रासन, मांडी, सूर्यनमस्कारातील एक पाय खोल दुमडून बसण्याची स्थिती यांचा हट्ट नको. खुर्ची घेतल्याने निष्ठेला उणेपणा येत नाही. हात वर नेणे, मागे वाकणे, सावकाश पुढे वाकणे एवढा भाग उभ्याने जरूर करावा.

प्रत्यक्ष कसे करावे

पहिला व्यायाम अंथरुणातच. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो गुडघ्याने खाली दाबावा, मनात पाच अंक मोजावेत, सोडावे. दहा वेळा, दोन्ही पायांनी. दुसरा, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. जमत नसेल तर प्रारंभी हात टेकावेत किंवा खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी. उठताना एक वेळ वेग चालेल, बसताना मात्र सावकाश. तिसरे, सपाट जागेवर चालणे, एका दमात अर्धा तास नव्हे, तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे. चालणे अगदीच होत नसेल त्यांना स्थिर सायकल हा उत्तम पर्याय आहे, कारण तेथे शरीराचा भार बैठकीवर असतो. काठी घ्यायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण उलट धरतात.

दुखणार नाही असा व्यायाम शोधत बसू नये. करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर काळजी नको. दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेली राहिली किंवा सूज आली, तर व्यायाम थांबवायचा नाही, निम्मा करायचा. परंतु गुडघा गरम व लाल होणे, ताप, गुडघा अडकून बसणे किंवा अचानक निसटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, तसेच चालताना छातीत दडपण येणे, ही लक्षणे असतील तर प्रथम डॉक्टर, व्यायाम नंतर. इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवावेत. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालण्याचा नियम सोडावा आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

वजनाचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. शरीराचे एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मध्ये अमेरिकेतील डॉ. मेसियर यांनी दाखवून दिले. त्यांच्याच २०१३ च्या ४५४ जणांच्या प्रयोगात आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे वजन अठरा महिन्यांत अकरा टक्क्यांहून अधिक उतरले आणि वेदनाही सर्वाधिक त्यांचीच कमी झाली. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळी, असा बेत करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा. भाकरी, डाळ, उसळ, ताक पोटभर खावे, स्नायूला प्रथिने लागतातच.

वेदनाशामक गोळ्यांविषयी एक इशारा. दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, तर मूत्रपिंडावर व जठरावर परिणाम होतो, रक्तदाबही वाढतो. आधीच साखर व रक्तदाब असलेल्याला हा दुहेरी फटका आहे. अनोळखी पुड्यांत स्टेरॉइड असल्यास प्रारंभी जादू वाटते आणि मागाहून साखर भडकते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया योग्य रुग्णाला मोठा दिलासा देते, यात शंका नाही. पण शस्त्रक्रियेत सांधा बदलतो, मांडीचा स्नायू तोच राहतो. शस्त्रक्रियेपूर्वी ज्याने तो कमावला, तो लवकर चालू लागतो.

चैत्रात सप्तशृंगी गडावर जाणारे विचारतात, पायऱ्या चढाव्यात की ट्रॉलीने जावे? कृत्रिम गुडघ्यातच मापकयंत्र बसवून बर्लिनच्या संशोधकांनी मोजले आहे. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा अधिक, तर उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येतो. तेव्हा सवय असलेल्याने, थांबत थांबत चढावे आणि उतरताना ट्रॉली घ्यावी.

ज्या माउलीचा उल्लेख प्रारंभी झाला, तिच्या घरी उद्या सकाळी एवढे करता येईल. भिंतीला टेकवून, हलणार नाही अशी खुर्ची ठेवावी. अर्ध्या मिनिटात ती किती वेळा उठते-बसते, हे नातवाने मोजावे आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहावा. पहिल्या दिवशी तो तीन असेल. दर रविवारी पुन्हा मोजावे. घर ते मंदिर या वाटेवर बसता येईल अशा ओळखीच्या ओट्यांची यादी सुनेने करावी आणि पहिल्या आठवड्यात पहिल्या ओट्यापर्यंतच जाऊन परत यावे.